वार असेल तर सकाळी दहाच्या आत कळवा

आमच्या आवडत्या थाई हॉटेलात सहा टेबलं आहेत आणि त्यांतलं धड असं एकच. ते पडवीच्या कोपऱ्यात, हात धुण्याच्या बेसिनला लागून. बाकीच्यांपैकी दोन डुगडुगतात, दोनांवर ऊन येतं आणि एकाच्या डोक्यावरचा पंखा वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देतो. मी, बायको आणि मुलगी, आम्ही तिघं गेली सहा वर्षं दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता त्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो. बुधवार काही मुद्दाम निवडलेला नाही. सोमवार आणि शनिवार आमचे वार, त्या दिवशी आम्ही मासळी खात नाही. मंगळवारी हॉटेल बंद. शुक्रवार आणि रविवार काशीदला निघालेल्या गाड्यांचे. गुरुवारी मुलीचं कॉलेज उशिरा सुटतं, ती अलिबागला औषधशास्त्र शिकवते. सातातून हे सगळे वजा केले की बुधवार उरतो.

हॉटेल चालवणारा आमच्याच गावच्या कोळीवाड्यातला. एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात त्याने नऊ वर्षं काढली, त्यांतली सात एका थाई आचाऱ्याच्या हाताखाली. परत आल्यावर त्याने घराच्या पडवीत हे हॉटेल काढलं तेव्हा गाव हसलं. मीही हसलो. वर्षभरात बंद पडेल असं मी त्याला तोंडावर सांगितलं होतं. मी सरकारी भूकरमापक आहे, लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजतो, आणि माझा अंदाज सहसा चुकत नाही. इथे चुकला.

त्याचं कारण त्याचं वाटण. लाल मिरची, लसूण, गवती चहाचा पांढरा बुंधा, आल्याच्या जातीचा एक कंद जो त्याने मागच्या अंगणात वाढवला आहे, आणि भाजलेला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी. थाई लोक कोळंबीचा काहीतरी आंबवलेला गोळा घालतात म्हणे. त्याच्या आईने वाळवलेला जवळा त्याहून सरस आहे असं तो म्हणतो, आणि थायलंड न बघताही मला ते पटतं. दिवसभराचं वाटण सकाळी साडेदहाला एकदाच होतं. तेच सगळ्या करींना, मग तुम्ही कोंबडी सांगा, सुरमई सांगा नाहीतर नुसती वांगी सांगा. शिवाय प्रत्येक करीत वरून एका बाटलीतलं पाणी पडतं. त्या बाटलीवर माशाचं चित्र आहे. तो त्याला म्हावऱ्याचं पाणी म्हणतो.

आता आमच्या भागात वार पाळत नाही असं घर सापडायचं नाही. म्हणून त्याने बेसिनच्या वर भिंतीवर खडूने लिहिलेली एक पाटी लावली आहे: ‘वार असेल तर सकाळी दहाच्या आत कळवा.’ कळवलं तर तो जवळ्याशिवाय निराळं वाटण करतो. नाही कळवलं तर वारवाल्याला भात आणि काकडी. इतका सरळ व्यवहार मी सरकारी खात्यातही पाहिलेला नाही.

सुट्टीला येणारे लोक ही पाटी वाचतात, तिचा फोटो काढतात आणि तरीही एक वाजता ‘जैन करी’ मागतात. पनीर मागतात. एका कुटुंबाने टोमॅटो सॉस मागितलेला मी ऐकला आहे. वाफाळती वाटी समोर आली की आधी तिचे फोटो. एकदा मी घड्याळ लावलं. अकरा मिनिटं फोटो चालले होते. तोवर करी थंड होऊन तिच्यावर साय धरली. मग ते म्हणाले, गरम करून आणा.

पण मला सांगायचं आहे ते या लोकांबद्दल नाही. आपले म्हणवणारे लोक त्यांच्याहून वरचढ निघाले, त्याबद्दल आहे.

मुलीला एक स्थळ आलं होतं. मूळचे म्हसळ्याचे, आता पनवेलला स्थायिक. मुलगा नवी मुंबईत नोकरीला. माझ्या बायकोच्या मावशीने सुचवलेलं. मुलीने आधी त्याच्याशी फोनवर बोलायला सुरुवात केली आणि नऊ आठवडे बोलत राहिली. याआधीची चार स्थळं चार दिवसांत संपली होती. नऊ आठवड्यांत तिचं वागणं बदललं. ओटीवर फेऱ्या मारत बोलायची आणि मधेच हसायची. एके दिवशी आईला म्हणाली, “बहुतेक हो.” माझी मुलगी सत्तावीस वर्षांची आहे आणि ‘बहुतेक’ हा शब्द ती विचार केल्याशिवाय वापरत नाही. म्हणजे गोष्ट जवळजवळ ठरली होती. राहिलं होतं ते दोन्हीकडच्यांनी एकत्र बसणं.

तिची एकच अट होती. घरी ट्रे घेऊन बाहेर यायचं आणि लोकांनी आपल्याला चालताना बघायचं, हे तिला नको होतं. सगळ्यांनी आपल्या हॉटेलात जेवायला बसायचं. माणूस जेवताना कळतो, असं ती म्हणाली. मला तेव्हा ते पोरकट वाटलं.

मुलाला गुरुवारी सुट्टी होती. मुलीने त्या दिवशी रजा काढली. मी मुलाच्या वडिलांना फोन करून जागा सांगितली आणि स्पष्ट विचारलं, की तुमच्याकडे कुणाचा काही वार असतो का, असेल तर मला सकाळी सांगावं लागेल. ते मोठ्याने हसले. म्हणाले, कसले वार घेऊन बसलात, आम्ही सगळं खातो. थाई म्हटल्यावर तर त्यांना फारच आनंद झाला. ते बँकॉकला चार वेळा जाऊन आले होते. त्या एका फोनमध्ये त्यांनी बँकॉक सहा वेळा म्हटलं. मी हॉटेलवाल्याला निरोप दिला, वार नाही.

गुरुवारी दुपारी एकला ते आले. वडिलांनी हत्तींची चित्रं असलेला शर्ट घातला होता, अर्थात तिकडूनच आणलेला. पुढच्या बाजूला बावीस हत्ती होते, एक अर्धा खिशाखाली. पडवीत पाय ठेवताच त्यांनी हॉटेलवाल्याच्या बायकोला दोन्ही हात जोडून थाई भाषेत काहीतरी नमस्कार केला. ती म्हणाली, “बसा.” मुलाची आई त्यांच्या मागे दोन पावलं. हलक्या निळ्या साडीतली बारीक बाई, हातात पेढ्यांचा पुडा. मुलगा फोटोत दिसला होता तसाच, नीटनेटका. माझ्याशी बोलताना नजर खाली, माझ्या मुलीकडे बघताना चेहरा खुललेला. खरं सांगायचं तर पहिल्या दहा मिनिटांत मला तो आवडला.

बसण्याची जागा सांगायला हवी. मी बेसिनकडे पाठ करून, मुलगी माझ्या समोर, म्हणजे तिचं तोंड बेसिनकडे आणि भिंतीवरच्या पाटीकडे. वडील माझ्या शेजारी. मुलाची खुर्ची टेबलाच्या टोकाला. माझी बायको मुलाच्या आईला मागच्या अंगणात घेऊन गेली. तो आल्यासारखा कंद आणि दुहेरी पानांचं लिंबू दाखवायला. आमच्या वाडीतल्या सुपाऱ्यांवरून दोघींचं तोवर चांगलं जमलं होतं.

आणि त्या दोघी मागे असतानाच वडिलांनी हॉटेलवाल्याच्या बायकोला दोन व्हेज करी सांगितल्या. म्हणाले, आज आमचा गुरुवार.

मी त्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, मी फोनवर विचारलं होतं. त्यावर त्यांनी मला समजावून सांगितलं, की वार वेगळा आणि श्रद्धा वेगळी. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते गुरुवार पाळतात, आणि त्यांच्या बायकोचा तर तीस वर्षांचा आहे, अगदी कडक. पण त्याला वार म्हणून ते कुणाला सांगत फिरत नाहीत. तीस वर्षं दर गुरुवारी घरातली बाई मासळीला शिवत नाही, आणि हा गृहस्थ फोनवर म्हणतो, आम्ही सगळं खातो.

तरी मी त्यांना सांगितलं. इथल्या वाटणातच जवळा असतो, वरून माशाचं पाणी पडतं, भाजी घातली म्हणून करी शाकाहारी होत नाही. सकाळी कळवायला हवं होतं, आता भात आणि काकडी मिळेल. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “अहो, तो बुद्धाचा देश. व्हेज म्हटलं की व्हेज. मी चार वेळा जाऊन आलोय, तुम्ही एकदा तरी गेलाय का?”

मी गेलो नव्हतो. एकदा सांगितलं, आपलं काम झालं, असं मी मनात म्हटलं. मोजणीच्या नोटिसाही आम्ही घराच्या कर्त्याला एकदाच बजावतो.

मुलगा तेवढ्यात हात धुवायला उठला होता. माझ्या पाठीमागे नळ सुरू झाला, बंद झाला, आणि मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. बेसिनच्या शेजारी स्वयंपाकघराची खिडकी आहे. त्याने खिडकीतून हळूच विचारलं, की ही पाटी कसली. हॉटेलवाल्याने हळू बोलायचा प्रश्नच नव्हता, जहाजाच्या इंजिनाशेजारी नऊ वर्षं काढलेला माणूस तो.

“वाटनात जवला हाय, दादा. गुरुवार असंल तं भात नि काकडी देतो. तुमच्या आयला काय देऊ?”

“नको, राहू दे,” मुलगा म्हणाला आणि जागेवर येऊन बसला.

मी ऐकलं. वडील तेव्हा फोनवर कुणाशी तरी मोठ्याने बोलत होते, त्यांनी ऐकलं नाही. माझ्या मुलीने ऐकलं आणि पाहिलंही. ती त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता तो वडिलांना सांगेल. तिलाही तसंच वाटलं असणार, कारण तिने समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता तसाच धरून ठेवला.

दोघी बायका परत आल्या. करी आल्या. वडिलांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, की अगदी बँकॉकची चव. आमटीला नारळाचा रस घातला की झालं थाई, त्यात अवघड काही नाही, असंही त्यांनी सांगितलं. हॉटेलवाल्याने त्या चवीसाठी घालवलेली सात वर्षं त्यांनी एका वाक्यात निकालात काढली. एक वाटी संपवली, दुसरी घेतली. दुसऱ्या वाटीच्या वेळी ते मला खोबऱ्याच्या रसाचे गुणधर्म सांगत होते.

मुलाने स्वतःच्या ताटात भात घेतला आणि काकडीच्या चार फोडी. करी नको म्हणाला. पोट जरा बरं नाही, म्हणाला. एक वाजता आला तेव्हा पोट बरं होतं.

त्याच्या आईने वाटी पुढे ओढली. चमचा बुडवला, वर आणला आणि थांबली. बाईला वास कळला असणार. ज्या बाईने आयुष्यभर घरात जवळा भाजला आहे तिला तो नारळात लपत नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. मुलाकडे वाकून अगदी हळू विचारलं, “बाळा, चालेल ना रे हे मला?”

मुलाने वडिलांकडे बघितलं. वडील खात होते.

“चालेल, आई.”

माझ्या मुलीने हात लांब करून त्यांच्यासमोरची वाटी उचलली आणि स्वतःच्या ताटाशी ठेवली. “काकू, यात जवळा आहे. तुम्ही भात घ्या, मी वरणाचं बघते,” एवढंच बोलली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. आवाज चढवला नाही, मुलाकडे बघितलंही नाही.

त्यानंतर जे झालं त्याला जेवण म्हणता येणार नाही. वडिलांचा चमचा अर्ध्या वाटेत थांबला. त्यांनी हॉटेलवाल्याला बाहेर बोलावलं. तो कमरेच्या फडक्याला हात पुसत आला आणि म्हणाला, “सकाली सांगायचं व्हतं. भिंतीवर लिवलंय ना.” मग ते माझ्याकडे वळले, की तुम्ही सांगायला नको का. मी म्हटलं, सांगितलं. म्हणाले, ठामपणे सांगायला हवं होतं. मग बायकोकडे वळले, की तुला वासावरून कळलं नाही का. म्हणजे बँकॉकला चार वेळा गेलेल्या माणसाला दुसरी वाटी संपत येईपर्यंत कळलं नाही, आणि जिने एक घासही घेतला नाही तिच्या नाकाची चूक. मुलगा मोबाइलमध्ये बघत होता. बावीस हत्ती खाली-वर होत होते.

हॉटेलवाल्याच्या आईचाही गुरुवार असतो. मुलीने तिच्या घरच्या भांड्यातलं साधं वरण एका वाटीत आणलं, वर तुपाचा थेंब. मुलाची आई ते शांतपणे भाताबरोबर जेवली. त्या टेबलावर त्या दिवशी नीट जेवलेलं माणूस ते एकच. जाताना तिने पेढ्यांचा पुडा बायकोच्या हातात दिला आणि माझ्या मुलीच्या गालाला हात लावला.

आमचं घर हॉटेलपासून साडेसहाशे पावलांवर आहे. पहिली तीनशे पावलं मी एकटाच बोललो. वडिलांच्या शर्टापासून त्यांच्या श्रद्धेपर्यंत सगळं मी ओळीने घेतलं. मुलगी म्हणाली, “त्याच्या बाबांशी मला कुठे लग्न करायचं होतं?”

‘होतं’ हा शब्द माझ्या बायकोनेही ऐकला. ती चालताना थांबली.

“त्याला माहीत होतं,” मुलगी म्हणाली. “मी वाट बघितली. भात वाढून होईपर्यंत बघितली.” आणि थोड्या वेळाने, “बाबा, तुम्हीसुद्धा काकांनाच सांगितलंत. काकू आल्यावर परत नाही सांगितलंत.”

मी म्हटलं, जो जेवण सांगतो त्यालाच सांगायचं असतं. राहिलेल्या वाटेत मी तो हिशेब चार प्रकारे मांडून पाहिला. चारही वेळा उत्तर माझ्या विरुद्ध आलं. मी एकदा सांगितलं होतं हे खरं. पण ज्याला फरक पडत नव्हता त्याला सांगितलं होतं. ज्या बाईला फरक पडत होता तिच्यासमोर मी बसून होतो, आणि शेजारचा गृहस्थ दुसरी वाटी केव्हा घेतो ते मोजत होतो. मला त्यात मजा येत होती, हेही लिहायला हवं.

मुलाने त्याच संध्याकाळी तिला संदेश पाठवला, की मला तिथे तमाशा नको होता, बाबांचा स्वभाव असाच आहे. दोन दिवसांनी त्याने फोन केला. ती ओटीवरच बसली होती, दार उघडं होतं आणि मी आतून हललो नाही. तो बराच वेळ बोलत असावा. ती मधे मधे ‘हं’ म्हणत होती. मग म्हणाली, “बाबांना नाही सांगितलंस, ते मी समजू शकते. पण त्या तुला विचारत होत्या.” पुन्हा बराच वेळ तो बोलला. शेवटी ती म्हणाली, “नाही. बहुतेक नाही, असं नाही. नाही.”

त्याच्या वडिलांचा मला फोन आला. मुलगी जरा पुढे पुढे करते, असं त्यांचं मत होतं. नकार कुणी कुणाला दिला हे मावशींना सांगताना ‘दोन्हीकडून जमलं नाही’ असं सांगू या, असंही त्यांनी सुचवलं. मी म्हटलं, नकार आमच्याकडून आहे आणि मी तसंच सांगणार. त्यांनी फोन ठेवला. या वेळी बँकॉक एकदाही आलं नाही.

आणखी आठवड्याने मुलाच्या आईचा फोन आला, माझ्या बायकोला, दुपारी, त्यांच्या घरात कुणी नसताना. मुलगा नीट जेवत नाही, म्हणाली. काही होण्यासारखं आहे का, असं तिने एकदाच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेली. “तुमच्या मुलीचं बरोबर होतं. घरात मी हे बोलले नाही, तुम्हाला सांगते.” बायकोने हे मला सांगितलं तेव्हा आधी मला राग आला. तीन माणसांचं घर. एकाला ऐकायचं नाही, एकाला सांगायचं नाही, आणि जिला सगळं कळतं ती पनवेलहून आमच्या घरी फोन करून बोलते. चौथं माणूस म्हणून तिथे माझी मुलगी जायची होती.

त्यानंतर सात बुधवार झाले. आम्ही त्याच टेबलावर बसतो. फक्त मुलीने जागा बदलली आहे. आता बेसिनकडे पाठ तिची असते आणि पाटी माझ्यासमोर येते. ती पूर्वीसारखीच कोळंबीची करी सांगते, पण अर्धी टाकते. सहा बुधवार मी हे नुसतं बघितलं.

काल मी विचारलं, “आवडला होता ना तो तुला?”

“हो,” ती म्हणाली. “फार.”

बायकोने माझ्याकडे डोळे वटारले. मुलगी ताटात बघत होती. मग तिने वाटी पुढे ओढली आणि म्हणाली, “तुमची करी गार होतेय, बाबा.” मी जेवलो. तिनेही काल थोडी जास्त खाल्ली, पाऊण वाटीच्या आसपास.